सुईची तपासणी की अख्खी गाठ?

मानेतल्या गाठीच्या रिपोर्टात ‘ग्रॅन्युलोमा’ (दाहक पेशींचा पुंजका) आलं, की टीबी किंवा सार्कॉइडोसिस या दाहाच्या आजाराचे उपचार बहुधा सुरू होतात. सुईची तपासणी सोपी, टाका नाही, निकाल लवकर. पण हाती येतात सुट्या पेशी. गाठीची रचना दिसत नाही. हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगातही ग्रॅन्युलोमा होतात, आणि त्याची ओळख असलेल्या मोठ्या, दोन केंद्रकांच्या रीड-स्टर्नबर्ग पेशी त्या गर्दीत इतक्या विरळ असतात की सुईतून सहज निसटतात. अख्खी गाठ काढली तर व्रण राहतो, पण सीडी ३०, सीडी १५ ही त्या पेशींवरची खुणेची प्रथिनं तपासायला पुरेसा नमुना मिळतो. शरीरातले सक्रिय भाग दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर विसंबू नये; टीबी-सार्कॉइडोसिस आणि लिम्फोमा, सगळेच त्यात चमकतात. औषधांनी गाठ हटत नसेल तर ती पूर्ण काढूनच तपासावी, असं माझं ठाम मत आहे. तेही सार्कॉइडोसिस समजून स्टेरॉइड देण्याआधी, कारण त्याने लिम्फोमा काही काळ दबतो.