गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या: भाव नगावर, रोजावर की अंगावर?

फ्लॅटच्या काचा पुसायची कामं घेणाऱ्याला गोव्यात कधी ना कधी हा फोन येतोच: लोटलीला, चांदरला किंवा पेडण्याला जुनं घर आहे, गणपतीआधी खिडक्या साफ करून हव्यात, किती घेणार? फोनवर आकडा सांगू नका. एकदा तोंडातून गेलेला आकडा घरमालकाच्या डोक्यात पक्का बसतो, मग प्रत्यक्ष खिडक्या बघितल्यावर वाढवून मागताना तुम्हीच चोर ठरता.

भाव लावायच्या चार पद्धती चालतात: चौरस फुटावर, नगावर म्हणजे खिडकीमागे, रोजावर म्हणजे एका माणसाच्या एका दिवसामागे, आणि अंगावर, म्हणजे सगळं काम मिळून एकच रक्कम. माझं मत आधीच सांगतो. अशा घराची पहिली सफाई रोजावर घ्यावी, पण जास्तीत जास्त किती रोज लागतील ते लिहून द्यावं. दुसऱ्या वेळेपासून नगावर यावं, तेही खिडकीच्या प्रकाराप्रमाणे वेगळा दर लावून.

चौरस फुटाचा भाव रंगाऱ्यांनी रुळवला आहे, म्हणून मालक तोच विचारतात. नव्या इमारतीच्या सलग काचेला तो चालतो. जुन्या खिडकीत काच कमी आणि लाकूड जास्त, आणि वेळ जातो तो लाकडाच्या खाचांत. हा भाव सोडून द्या.

आता खिडक्यांकडे वळू, कारण सगळा हिशेब तिथेच फिरतो. या घरांत साधारण दोन जातीच्या खिडक्या भेटतात. एक काचेची: लहान लहान चौकटी, काच लुकणाने म्हणजे पुट्टीने बसवलेली, वर कमानीत कधी रंगीत तुकडे. दुसरी शिंपल्यांची. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात पातळ, चपटे शिंपले तळहाताएवढे चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. उजेड आत येतो, ऊन येत नाही. हा शिंपला झुआरीच्या मुखाशी, चिखलीच्या खाडीत आजही सापडतो. पण वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्यामुळे फुटला की बाजारातून नवा आणून बसवण्याचा विषयच संपतो. एखाद्या मोडलेल्या घरातला मिळाला तर नशीब. म्हणजे तुमच्या कामगाराचा अंगठा जरा जास्त दाबला गेला की दिवसाची कमाई जाऊ शकते, आणि भावात ही जोखीम धरावीच लागते.

शिंपल्याला पाणी मारायचं नाही. तो पापुद्र्यांचा असतो. कडेने पाणी आत शिरलं की पापुद्रे सुटतात आणि मधे पांढुरकं दिसू लागतं. आम्ल तर अजिबात नको. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं डाग काढायचं द्रव, यातलं काहीही लागलं की पृष्ठभाग खाल्ला जातो. भिंतीचा चुन्याचा गिलावाही तसाच. मऊ ब्रशने धूळ झटकायची, घट्ट पिळलेल्या कापडाने एकेक शिंपला आधार देत पुसायचा, लगेच कोरडा करायचा. एका झडपेत साठ शिंपले धरा, दोन झडपांत एकशे वीस. एका बाजूने शिंपल्यामागे वीस सेकंद दिले तरी चाळीस मिनिटं झाली. दोन्ही बाजू आणि चौकट धरून दीड तास कुठेच जात नाही. तेवढ्याच आकाराची काचेची खिडकी, शेवाळ आणि चुन्याचे थेंब खरवडून, पहिल्या वेळी अर्ध्या तासात होते.

एक घर धरू या. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचा रोज तुम्ही घाला. खिडक्या चोवीस: सोळा काचेच्या, आठ शिंपल्यांच्या. काचेचे आठ तास, शिंपल्यांचे बारा, एकूण वीस. शिडी हलवणं, पलंग-कपाट सरकवणं, पावसात लावलेलं प्लास्टिक किंवा माडाची विणलेली चुडतं काढणं याचे चार तास धरले की चोवीस. माणूस दिवसाला सहा तास खरं काम करतो, म्हणजे चार रोज. दोन माणसं, दोन दिवस. मजुरी, पेट्रोल, सामान आणि तुमचा नफा मिळून रोजाला 1,500 रुपये धरले तर काम 6,000 रुपयांचं.

हेच काम बाकीच्या पद्धतींनी मोजून बघा. खिडकी सरासरी पंचवीस चौरस फूट, म्हणजे एकूण 600. फ्लॅटचा पाच रुपये दर लावला तर हातात 3,000. सरसकट खिडकीमागे 200 घेतले तर 4,800. काचेला 150 आणि शिंपल्याला 450 असा वेगळा दर लावला तर 2,400 अधिक 3,600, बरोबर 6,000. नगाचा भाव वाईट नाही. खिडकी सगळी सारखीच असं मानणं वाईट. उलटही होतं: ज्या घरात शिंपल्याची एकही खिडकी उरलेली नाही, तिथे सरसकट 200 सांगणारा महाग ठरतो आणि काम दुसऱ्याला जातं.

मग पहिल्यांदा रोजावर का? कारण पहिल्या वेळी झडपेमागे काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. गांधीलमाशीचं पोळं असतं, गंजून धरलेली कडी असते, आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी झडप उघडताना बिजागरीसकट हातात येते, कारण आतलं लाकूड वाळवीने केव्हाच खाल्लेलं असतं. नगाच्या भावात हे सगळं तुमच्या डोक्यावर येतं. अंगावर घेतलं तर त्याहून जास्त. मालकाला मात्र रोजावर काम म्हटलं की धास्ती वाटते, आणि ती खोटी नाही. रोजावरचा गडी चहाला बसला की मालक घड्याळाकडे बघतो. म्हणून मर्यादा लिहा: चार रोज, फार तर पाच, त्यापुढे विचारल्याशिवाय नाही. त्याच कागदात एक खिडकी मालकासमोर करून दाखवायचं लिहा. “एवढे पैसे नुसत्या खिडक्या पुसायला?” असं विचारणाऱ्या बाईंसमोर शिंपल्यांची एक झडप करून दाखवली की बहुतेक वेळा पुढची घासाघीस होत नाही.

दुसऱ्या वेळी, वर्षाच्या आत परत गेलात तर त्याच खिडक्यांना निम्मा वेळ पुरतो. वरच्या घराचे दोन रोज, 3,000 रुपये. इथे नगाचा भाव मालकालाही सोयीचा: यंदा फक्त दर्शनी बाजू करायची असेल तर तेवढेच पैसे. अंगावरचा भाव या टप्प्यानंतरच द्यावा, आणि तोही मालकाने मागितला तर.

पाहणी कधी करता यावरही भाव ठरतो. पावसाळ्यात सागवान फुगतं, झडपा अडकतात, आणि जुलैत न उघडलेली खिडकी जानेवारीत बोटाने उघडते. तेव्हा पावसात पाहणी केली असेल तर न उघडलेल्या खिडक्या वेगळ्या मोजून ठेवा. भिंतींना चुना लावायचा असेल तर तो आधी, खिडक्या नंतर, हे कोटेशनमध्ये पहिल्या ओळीत येऊ द्या. उलटा क्रम झाला की दुप्पट काम, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

उंचीचे पैसे वेगळे लावा. ही घरं जोत्यावर तीन-चार फूट उचललेली असतात, त्यामुळे तळमजल्याची खिडकीही शिडीशिवाय होत नाही. शिडी बारा फूट वर टेकवली तर तिचे पाय भिंतीपासून तीन फूट बाहेर हवेत. तिथे नेमकी कुंड्यांची रांग किंवा शेवाळलेल्या चिऱ्यांची फरशी असते. बाहेरून शिडी बसत नसेल तर परांचीचं भाडं मालकाच्या नावावर, तुमच्या भावाबाहेर. लांब दांड्याचा पाण्याचा ब्रश इथे कामाचा नाही. सुकलेलं लुकण तो धुऊन काढतो.

वर्षाचा करार कुणाशी करावा? पणजीतल्या फोंतैनयशसारख्या ठिकाणी जुन्या घरात होमस्टे चालवणाऱ्यांशी जरूर करा. ऑक्टोबरमध्ये हंगामाआधी एक मोठी फेरी, मग मार्चपर्यंत छोट्या. त्यांना तारीख पाळलेली हवी असते, दोन पैसे जास्त देतात. राहत्या घराशी करार करताना नगाचाच दर बांधावा.

पैसे कोण देणार हे आधी विचारा. गोव्यात वारशाला आधी पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती, आता तिच्याच धर्तीवर गोव्याचा स्वतःचा वारसा कायदा आहे; दोन्हींत मुलगे-मुली समान वाटेकरी. त्यामुळे एका घराला मडगावात, मुंबईत, लिस्बनमध्ये मिळून बरेच धनी असतात. चांदरच्या ब्रागांझा घराच्या तर दोन बाजू दोन कुटुंबांकडे आहेत. घरात राहणाऱ्या काकांनी होकार दिला म्हणजे मुंबईची पुतणी पैसे पाठवेलच असं नाही. कोटेशन जो पैसे देणार त्याच्याच नावाने काढा आणि निम्मे आगाऊ घ्या. कामाआधी प्रत्येक खिडकीचा फोटो त्यालाच व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, फुटलेले शिंपले मोजून; नंतर “हे तुम्हीच फोडलंत” म्हणायला जागा राहत नाही. तुमची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर असेल तर 18 टक्के जीएसटी वेगळा दाखवा. भावातच गुंडाळलात तर आठ शिंपल्यांच्या खिडक्यांत जे कमावलं त्यातला मोठा वाटा तिकडे गेला.