सिरॅमिक ग्रिलवर ढीगभर रिब्ज: वर्षभराच्या वापरानंतर

अठरा इंची सिरॅमिक ग्रिलवर एका वेळी सहा रॅक रिब्ज (रॅक म्हणजे डुकराच्या बरगड्यांची अख्खी पट्टी) बसतात, असं दुकानात सांगितलं होतं. बसतात. पण चांगल्या होतात त्या पाचच.

आम्ही अटलांटाजवळ राहतो. बिग ग्रीन एग ही कंपनी १९७४ मध्ये याच शहरात सुरू झाली, त्यामुळे इथे असल्या अंडाकृती ग्रिलवर सल्ला द्यायला अख्खी गल्ली तयार असते. माझा ग्रिल दुसऱ्या कंपनीचा आहे, पण जातकुळी तीच.

रिब्ज उभ्या ठेवायचा स्टँड वापरावाच लागतो. आडव्या ठेवल्या तर जेमतेम दोन रॅक मावतात. मांसाच्या खालचा डिफ्लेक्टर (थेट आच अडवणारी ताटली) गोल आणि रॅक लांब, म्हणून टोकं कडेबाहेर डोकावतात आणि तिथे थेट आच लागून काळी पडतात. बिजागरीच्या बाजूला तर जास्तच. मी प्रत्येक रॅक मधोमध कापतो, हाडांकडचा पापुद्रा कोरड्या पेपर टॉवेलने धरून ओढून काढतो आणि दोन तुकड्यांत बोटभर फट ठेवतो. तुकडे एकमेकांना चिकटले की तिथे पांढरट, वाफवल्यासारखं मांस राहतं. सहावा रॅक कोंबला की ही फटच जाते. अर्ध्या वेळेनंतर अख्खा स्टँड उलट दिशेला फिरवायचा.

तापमान धरून ठेवण्यात मात्र याला तोड नाही. भिंती जाड, हवा लागते अगदी थोडी, त्यामुळे ओलावाही आतच राहतो. पाण्याचं भांडं ठेवायची गरज मला कधी वाटली नाही. जानेवारीच्या थंडीतही २५० फॅरनहाइटवर काटा हलत नाही. उलट बाजू अशी, की एकदा ३०० च्या वर गेला की खाली यायला तासभर घेतो. म्हणून २०० ला पोचतानाच वरची-खालची झडप आवळायला लागायचं.

एवढं थंडगार मांस आत गेलं की झाकणावरचा काटा धाडकन पडतो. हात शिवशिवतात, पण झडपेला हात लावू नका. भिंतींतली उष्णता शाबूत असते; जास्त हवा दिलीत तर तासाभराने काटा भलतीकडे पोचतो. झाकणावरच्या काट्यापेक्षा जाळीवर क्लिपने लावलेला प्रोब (तापमापकाची सळई) जास्त खरं बोलतो.

तीन तास उघडं, दोन तास फॉइलमध्ये, एक तास सॉस लावून, हे प्रसिद्ध गणित मी इथे सोडून दिलंय. बेबी बॅकचा, म्हणजे पाठीकडच्या आखूड रिब्जचा, त्यात लगदा होतो. शिवाय दहा तुकडे फॉइलमध्ये गुंडाळेपर्यंत झाकण उघडं राहतं, हवा मिळून कोळसा पेटतो आणि मग तापमानामागे धावत बसा. न गुंडाळता २५० वर बेबी बॅकला पाचेक तास, सेंट लुईस कटला (पोटाकडच्या, चौकोनी छाटलेल्या मोठ्या रिब्ज) सहाच्या आसपास. चिमट्याने एका टोकाला धरून उचलल्यावर तुकडा वाकून वरची साल तडकली, की झालं.

कोळसा लंपच, म्हणजे लाकडाचा ओबडधोबड तुकड्यांचाच घ्या. ब्रिकेटची (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्या) राख फार, खालची भोकं बुजतात. पेटवायला रॉकेलसारखं द्रव तर मुळीच नको, भिंती तो वास धरून ठेवतात. धुरासाठी हिकरीच्या लाकडाचे तीन-चार तुकडे कोळशात पुरायचे आणि दाट पांढरा धूर विरळ झाल्याशिवाय मांस आत ठेवायचं नाही, नाहीतर कडवट चव येते.

तक्रारी? झाकणाच्या कडेची फेल्टची पट्टी काही महिन्यांतच जळाली. पिझ्झ्यासाठी ग्रिल कडक तापवला की तिची हीच गत होते म्हणे. नवी स्वस्त आहे, पण जुना गोंद खरवडण्यात अख्खी दुपार जाते. वजन दीडशे पौंडांच्या वर, त्यामुळे जागा आधीच नक्की करा. आणि झाकण उघडताना आधी दोन बोटं उचलून थांबा. कोंडलेल्या आगीला एकदम हवा मिळाली तर भुवया जातील.

मंडळाच्या पिकनिकला चाळीस माणसं असतील तर हा ग्रिल पुरणार नाही, आडवा मोठा स्मोकर भाड्याने आणा. घरच्या बारा-पंधरा जणांना पाच रॅक भरपूर होतात. दोन्ही झडपा बंद केल्या की आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या शनिवारच्या चिकनला कामी येतो.