कोवळ्या पोराला कधी उतरवायचं?

गुहागरकडच्या एका मित्राने परवा फोन करून विचारलं, "सोळा वर्षांचा पोरगा आहे, हात सुरेख आहे. सरळ सिनियर संघात घेऊ, की दोन वर्षं थांबू?" काही वर्षांपूर्वी मीही याच पेचात होतो. लांज्याजवळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमचं क्रिकेटचं मैदान आहे आणि तेव्हा आसपासच्या संघांत सगळ्यात कच्चा संघ आमचाच होता. दुबळ्या कसोटी संघांनी या बाबतीत काय काय करून पाहिलं, ते मी त्या वेळी नीट लावून बघितलं होतं. दोन्ही वाटा चालूनही पाहिल्या आहेत, म्हणून लिहितो.

लवकर उतरवणाऱ्यांचं म्हणणं मुळीच खोटं नाही. संघ कच्चा असतो तेव्हा जागा रिकामीच असते, मग ती पस्तिशीच्या माणसाने अडवून का ठेवायची? श्रीलंकेने १९८२ साली आपल्या पहिल्याच कसोटीत अठरा वर्षांच्या अर्जुना रणतुंगाला खेळवलं. त्याने ५४ धावा केल्या आणि चौदा वर्षांनी त्याच्याच नेतृत्वाखाली विश्वचषक आला. बांगलादेशचा पहिला कसोटी विजय २००५ चा, चितगावला झिम्बाब्वेविरुद्ध. त्यात दुसऱ्या डावात ४५ धावांत ६ बळी घेणारा डावखुरा फिरकीपटू इनामुल हक ज्युनियर अठरा वर्षांचा होता.

पण माझ्या डोक्यात घर करून बसला तो मोहम्मद अशरफुल. सप्टेंबर २००१, कोलंबो. पहिल्या डावात बांगलादेश ९० धावांत गारद, समोर श्रीलंकेचा फिरकीपटू मुरलीधरन, आणि सतरा वर्षांच्या या पोराने पदार्पणातच ११४ धावा काढल्या. कसोटीत शतक करणारा सर्वांत लहान फलंदाज म्हणून आजही त्याचंच नाव आहे. सामना मात्र एक डाव आणि १३७ धावांनी गेला. पुढे ६१ कसोट्या, सहा शतकं आणि सरासरी फक्त २४. इतका गोड हात असलेल्या माणसाची सरासरी २४ का राहावी, याचं उत्तर मला आमच्या मॅटवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरतो त्या चटईवर, मिळालं. निदान मला तरी तसं वाटतं.

आमच्या संघातला एक पोरगा सोळाव्या वर्षी मी तिसऱ्या क्रमांकावर उतरवला. त्या मोसमात तो सात डाव खेळला आणि सातही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या षटकातच फलंदाजीला उतरला. कच्च्या संघाची गोम इथे आहे. पोरगा एकदाही १ बाद ८०वर खेळायला जात नाही, प्रत्येक वेळी तो उतरतो न उतरतो तोच धावफलकावर २ बाद ७, ३ बाद १५ होतं. समोरचा गोलंदाज ताजा, क्षेत्ररक्षक अंगावर आलेले, आणि पलीकडच्या टोकाला उभा असलेला काका "मार, मार" म्हणून ओरडतोय. डाव बांधायचा कसा, हे शिकायला त्याला वेळच मिळत नाही. एक तर जीव मुठीत धरून अडवायचं, नाही तर दांडपट्टा फिरवायचा, एवढंच तो शिकतो.

मॅटवर जांभ्याची लाल धूळ बसते, त्यात बुटांचे ठसे उमटतात. मोसमाच्या सुरुवातीला त्याचा मागचा पाय ऑफ स्टंपकडे पडायचा. फेब्रुवारीत बघितलं, तर ठसा लेग स्टंपच्या बाहेर चार बोटं सरकलेला. घाबरलास का म्हणून विचारलं, तर पोरगा मनापासून नाही म्हणाला. त्याला पाय सरकल्याचा पत्ताच नव्हता. ती एक खोड मोडायला आम्हाला दोन पावसाळे लागले, शाळेच्या पडवीत टेनिस बॉल टाकून टाकून. थांबण्याकडे माझा कल झाला तो त्या चार बोटांमुळे.

थांबण्याची वाट तरी निर्धोक आहे का? नाही. केन विल्यमसन २०१० मध्ये पदार्पणात अहमदाबादला १३१ करून गेला, त्याच्या जरा आधीच न्यूझीलंड बांगलादेशात एकदिवसीय मालिका ४-० हरून आलं होतं. पण वीस वर्षांच्या विल्यमसनच्या गाठीला देशांतर्गत क्रिकेटचे तीन मोसम होते आणि ते क्रिकेट पक्कं होतं. जिथे खालचं क्रिकेटच पातळ, तिथे पोरगा नुसता थांबून काय शिकणार? आमच्याकडे दिवाळीनंतर मोसम सुरू होतो आणि मार्चमध्ये आंबा लागला की मैदान ओस पडतं. सीझन बॉलचे, म्हणजे कातडी चेंडूचे, सामने मोजके. दोन वर्षं थांब म्हटलं, तर पोरगा रोख बक्षिसाच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांकडे वळतो, किंवा बारावी करून मुंबई गाठतो. भाताच्या तरव्यासारखंच, रोपांसारखंच, आहे हे. लवकर रोवला तर चिखलात तग धरत नाही, उशीर केला तर फुटवे येत नाहीत.

झिम्बाब्वेचा फलंदाज हॅमिल्टन मसाकाद्झा, त्याचं मला फार वाटतं. २००१ मध्ये, अशरफुलच्या काही आठवडेच आधी, त्यानेही सतराव्या वर्षी पदार्पणात ११९ केल्या. मग तो शिकायला दक्षिण आफ्रिकेला गेला. नंतर झिम्बाब्वेच्या क्रिकेटची वाताहत झाली, कसोट्या काही वर्षं बंदच पडल्या. त्याचं दुसरं शतक आलं २०११ ला. थांबणं त्याला कितपत मानवलं, हे मी सांगू शकत नाही.

वेगवान गोलंदाजाबद्दल मात्र मला शंका नाही: थांबा. बांगलादेशचा मशरफी मोर्तझा २००१ मध्ये एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता थेट कसोटीत आला. गुडघ्यांची दुखणी त्याने वर्षानुवर्षं काढली, आणि २००९ मध्ये कर्णधार म्हणून पहिल्याच कसोटीत जायबंदी झाला तो परत कसोटी खेळलाच नाही. फिरकीपटू आणि यष्टिरक्षक असेल तर लवकर घ्यायला माझी फारशी हरकत नाही. त्यांना ३ बाद १५च्या आगीत उभं राहावं लागत नाही.

फलंदाज असेल तर मी आता असं करतो. ज्युनियर संघात तिसरा क्रमांक, भरपूर डाव. सिनियर संघात मोसमाला तीनच सामने, सहाव्या क्रमांकावर, आणि आधीच सांगून ठेवायचं की तिन्ही वेळा शून्यावर गेलास तरी तिन्ही सामने तुझेच. कसोटी देशांचे अ संघ, म्हणजे मुख्य संघाच्या खालचे संघ, याच कामाचे आहेत, पण हरायला लागलं की निवड समितीचा धीर सुटतो आणि अ संघातला पोरगा अर्ध्यातच वर ओढला जातो.

मित्राला एवढंच सांगितलं की पोराला घेऊन एकदा सड्यावर ये. आमचा तो पोरगा आता बावीसचा आहे. यंदा मॅट अंथरली की पहिल्या सामन्यापासून तो सिनियर संघात तिसरा जाणार आहे.