स्क्वॉट आणि बॉक्सवरच्या उड्या: आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात सुरू केलं, आता मे संपत आला. वय 34, नाशिकमध्ये अंबडला एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, रविवारी व्हॉलीबॉल. जाळी 2.43 मीटरवर, आणि ब्लॉकला माझी बोटं कशीबशी वर यायची. जिममध्ये स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठक, 110 किलोवर गेला तरी उडी होती तिथेच. सर म्हणाले, "ताकद आहे रे, पण वेळेवर येत नाही." बरोबरच होतं. पायाचा पूर्ण जोर लागायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि धावत येऊन उसळताना पाय जमिनीवर टिकतो जेमतेम तेवढाच.

म्हणून हा प्रकार: आठवड्यातून दोनदा जड स्क्वॉट, फक्त तीन वेळा. मग चार मिनिटं स्वस्थ बसायचं. मग बॉक्सवरून खाली उतरून टेकल्या टेकल्या वर, अशा चार उड्या. असे चार फेरे. घाम फारसा येत नाही, त्यामुळे आपण काही केलंच नाही असं वाटतं. चार मिनिटं बसणं हाच सगळ्यात अवघड व्यायाम. रॅकजवळ कुणीतरी उभं असतंच, "झालं का भाऊ?" मी सुरुवातीला लाजून विश्रांती दीड मिनिटावर आणली. तिसऱ्या फेरीपर्यंत उड्या नुसत्या दमणुकीच्या झाल्या.

बॉक्स सुताराकडून प्लायवुडचा करून घेतला, 40, 50 आणि 60 सेंमी. ज्या बाजूवर ठेवाल ती उंची. कडा घासून घ्या, माझी नडगी दोनदा सोलली. उड्यांची ही पद्धत 1960च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी पुढे आणली. ते 75 सेंमीवरून उतरवायचे, हे वाचून मी शहाण्यासारखा 60 सेंमीवरून सुरुवात केली. गुडघ्याची वाटी दुखायला लागली, डिसेंबर अख्खा वाया गेला. त्यांच्या हाताखाली कसलेले खेळाडू होते, माझ्याकडे शिफ्ट करून थकलेले पाय.

जानेवारीत बोटांना खडू लावून भिंतीवर खुणा केल्या. 40 वरून उतरून उडी सगळ्यात उंच गेली, 60 वरून टाच टेकायची आणि उडी घसरायची. मग 40च ठेवली. जिमच्या फरशीपेक्षा गोल्फ क्लब मैदानाची माती बरी वाटली, म्हणून उड्यांचा एक दिवस पहाटे तिथे, स्क्वॉटविना. थंडीत मात्र अंग गरम व्हायला वीस मिनिटं लागायची.

खूण आज 7 सेंमी वर आहे. त्यातले पाच फेब्रुवारीनंतरचे. ब्लॉकला आता बोटं जाळीच्या चांगली वर येतात. सर्व्हिस होती तशीच वाईट. स्क्वॉट अजून नीट येत नसेल तर बॉक्सवर पैसे घालू नका, आधी सहा महिने साधी ताकद करा.

सध्या बॉक्स गच्चीवर आहे. आईने त्यावर कुरडयांची परात ठेवलीय, तेव्हा या आठवड्यात नुसतेच स्क्वॉट.