पाइनखाली बाग करून देतो म्हणणाऱ्याने मला कसं फसवलं

घरामागच्या उतारावर जुनी पाइनची झाडं आहेत. त्यांच्याखाली काही जगत नाही म्हणून एका नर्सरीवाल्याला बोलावलं. त्याने मूठभर सुया, म्हणजे पाइनची गळलेली सुईसारखी पानं, उचलून दाखवल्या. "यांनीच माती आंबट केलीय. सुया काढू, चुना टाकू, मग बघा." माती तपासली नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही.

त्याच्या माणसांनी सुया खरवडून नेल्या, वीतभर खोल खणलं, चुना मिसळला आणि रोडोडेंड्रॉन व अझेलिया ही फुलझुडपं लावली. वर्षाची हमी दिली, पण तोंडी.

पहिल्याच जोराच्या पावसात मोकळी झालेली माती वाहून खाली आली. मग पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. एक मेलेलं रोप उपटलं तर भुसभुशीत माती बोटांतून गळून पडली आणि हातात राहिला काडेपेटीएवढा मुळांचा गोळा. लहान रोप विकायच्या आधी मोठ्या कुंडीत बसवून त्याने मोठ्या रोपाचे पैसे घेतले होते. हमीबद्दल विचारलं तर म्हणाला, तुम्ही पाणी कमी घातलंत.

नंतर मी माती तपासून घेतली, वाचलं, जाणकारांना विचारलं. ताज्या सुया आम्लधर्मी असतात खऱ्या, पण कुजताना ती आम्लता बरीचशी ओसरते. पाइनखाली खरी अडचण असते सावलीची आणि कोरडेपणाची: पाऊस फांद्यांवरच अडतो, उरलेलं पाणी वरच्या थरातली मुळं ओढून घेतात, आणि उतारावर तर ते थांबतही नाही. सुयांचा थर ही माती धरून ठेवतो. आणि रोडोडेंड्रॉनला सामू (pH, मातीचा आंबटपणा मोजणारा आकडा) साधारण ४.५ ते ६, म्हणजे आंबट मातीच लागते. त्याच्याच मुळाशी चुना! लोह मिळेनासं झालं म्हणून पानं तशी पिवळी पडली. रोपं विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

कोणी असं काम सुचवलं तर आधी मातीचा अहवाल मागा. रोप कुंडीतून काढून मुळं बघा, हमी लिहून घ्या. उतार सरसकट खणू देऊ नका. कोरडी सावली सोसणारे नेचे, बर्जेनिया, एपिमेडियम यांची छोटी रोपं मुळांच्या मधल्या जागेत लावा, सुया तिथेच राहू द्या आणि पहिली एक-दोन वर्षं नेमाने पाणी घाला. मी आता तेच करते आहे. नेच्यांना नवी पानं फुटलीत.

पण खणताना तोडलेली पाइनची मुळं अंगठ्याएवढी जाड होती, आणि त्या बाजूच्या झाडाचा शेंडा विरळ दिसू लागलाय.