‘चेट बेकर सिंग्ज’ एलपी: आठ महिने ऐकल्यानंतर

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक आणि गायक चेट बेकरचा हा एलपी मी ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ या एका गाण्यासाठी घेतला. पहिली प्रत वाकलेली निघाली, ती दुकानदाराने बदलून दिली. तेव्हापासून बहुतेक रात्री जेवणं उरकली की हीच रेकॉर्ड लावतो.

सुरुवातीला आवाज फारच कोवळा वाटला. १९५४ चं ध्वनिमुद्रण, चेट २४ वर्षांचा. स्वर अजिबात हलवत नाही, सरळ ठेवतो आणि सोडून देतो. ख्यालावर वाढलेल्या कानांना दोन-तीन मिनिटांत गाणं संपणं जड जातं. तिसऱ्या महिन्यात कधीतरी ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ पेटीवर बसवून पाहिलं आणि जीव अडकला. चाल उघडते ती सा रे कोमल ग, एवढ्याशा जागेत. तिच्याखाली एक स्वर पायरी पायरी उतरतो: सा, शुद्ध नी, कोमल नी, ध. वर गाणं जागेवरच, खालची जमीन सरकतेय. आणि इतकं मायनरमध्ये, म्हणजे उदास छटेच्या स्वरावलीत, राहून शेवट उजळ मेजरमध्ये.

संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हार्ट यांनी हे गाणं १९३७ मध्ये एका संगीत नाटकासाठी लिहिलं. चेटने ते १९५२ मध्ये सॅक्सोफोनवादक जेरी मलिगनच्या क्वार्टेटमध्ये ट्रम्पेटवर वाजवलं. त्या चौघांत पियानो नव्हताच, त्यामुळे प्रत्येक स्वर उघडा पडतो. तेही जरूर ऐका. पुढे तुरुंग, व्यसन, १९६६ च्या मारहाणीनंतर गेलेले दात. ट्रम्पेटवाल्याचे दात जाणं म्हणजे ओठांचा आधारच जाणं. कवळी लावून तो फुंकायला नव्याने शिकला. हे गाणं मात्र त्याने सोडलं नाही.

म्हणून एलपीवर थांबू नका. टोकियोचं १९८७ चं ऐका, आणि मग २८ एप्रिल १९८८ चं हॅनोव्हरचं, बिग बँड (जॅझचा मोठा वाद्यवृंद) आणि ऑर्केस्ट्रासह. आवाज खरखरीत झालाय, श्वास पुरत नाही, तरी स्वर ठेवण्याची रीत तीच: सरळ, न हलवता. पंधरा दिवसांत, १३ मे रोजी, अ‍ॅमस्टरडॅममध्ये हॉटेलच्या खिडकीतून पडून तो गेला.

एलपी मोनो आहे. बास थोडा मागे वाटतो, पण आवाज अगदी कानाशी येतो. मी आता आधी हॅनोव्हर ऐकतो, मग हा एलपी लावतो. त्या क्रमाने ऐकल्यापासून २४ वर्षांचा चेट मला कोवळा वाटत नाही.