फोर्ट कोचीचा होमस्टे आणि आमचे 16,800 रुपये

फोर्ट कोचीला (किंवा कुठेही) होमस्टे बुक करणार असाल, तर नकाशाच्या ॲपवर दिसणारा फोन नंबर खरा धरून चालू नका. कोणीही ‘दुरुस्ती’ सुचवून तो बदलू शकतं. घर खरं, फोटो खरे, लोकांचे अभिप्रायही खरे, फक्त फोन उचलणारा भामटा.

मैत्रीण आणि मी शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून विमानाने जाणार, रविवारी परत. डिसेंबरअखेर तिथे कार्निव्हल असतो, खोल्या मिळत नाहीत, त्यामुळे रात्रीचे 3,200 ऐकून आम्ही खूश. आधी ॲडव्हान्स 3,200. मग ‘गर्दीचे दिवस आहेत, उरलेले भरा आणि 2,000 डिपॉझिट, जाताना परत’, म्हणून 5,200. मग खरा डाव: ‘मॅडम, दोन एंट्र्या झाल्या, बिल बनत नाहीये. एकदम 8,400 टाका, आधीचे दहा मिनिटांत आपोआप परत येतील.’ ते मैत्रिणीच्या खात्यातून गेले.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पण ती पिन टाकायच्या आधीची स्क्रीन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. होमस्टेचं नाव एक, वेबसाइटवर मालकीणबाईंचं नाव दुसरं, आणि इथे मोठ्या इंग्रजी अक्षरांत तिसऱ्याच कोणा पुरुषाचं. मैत्रीण म्हणालीसुद्धा, ‘अगं, हा कोण?’ मी म्हटलं, ‘असेल मॅनेजर, टाक तू.’ टाक तू!

आता शहाणपण शिकवणाऱ्यांनी जरा थांबा. तारकर्लीला, गुहागरला आपण काय करतो? मालकाच्या सुनेच्या नाहीतर पुतण्याच्या नंबरवरच पैसे पाठवतो ना? तिथे आजवर माझा एक रुपया बुडाला नाही. मग नाव वेगळं दिसलं म्हणून मला शंका का यावी? (यायला हवी होती. आता येते. रोज येते.)

रात्री बॅगा ओढत पोचलो तर फाटकावर प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद: ‘आम्ही फोनवर ॲडव्हान्स घेत नाही’, आणि खाली आमच्याच भामट्याचा नंबर, फुली मारून. आमच्यासारखे आधीही येऊन गेले होते. त्या घरच्या बाईंनी बसवलं, चहा दिला, पण खोली भरलेली. शेवटी दुसरीकडे रात्रीला 4,500 मोजले.

आणि गंमत म्हणजे रस्त्यावरच्या ठकांबद्दल आम्ही सगळं वाचून गेलो होतो! स्वस्तात शहर दाखवतो म्हणून कमिशनच्या दुकानात नेणारे रिक्षावाले, मासेमारीच्या मोठ्या चिनी जाळ्यांचा दोर ओढायला बोलावून मग पैसे मागणारे. रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून मी भांडले. सोळा हजार घरी सोफ्यावर बसून देऊन आले होते.

शनिवारी मट्टानचेरीचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बंद असतं, तेही तिथे जाऊन कळलं. तसाही अर्धा दिवस पोलीस ठाण्यात गेला. ‘पैसे पुण्यातून पाठवले ना, पुण्यात तक्रार करा.’ पुण्यात: ‘घटना कोचीची, खातं तिसऱ्याच राज्यातलं, ऑनलाइन टाका.’ अहो, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. हे मी बोलले तर साहेब म्हणाले, ‘वकील आहात का?’ बँकेचं वेगळंच: ‘पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा.’ संमती! शिवाय पैसे दोन खात्यांतून गेले, म्हणून तक्रारी दोन, दोघींनी वेगवेगळं यायचं, दोघींनी वेगळ्या झेरॉक्स आणायच्या. मैत्रिणीने तिच्या 8,400 बद्दल मला चकार शब्द ऐकवला नाही, त्याचा त्रास वेगळा.

तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये 1524 साली वास्को द गामाला पुरलं होतं, 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला परत गेले. पंधरा वर्षांनी का होईना, परत गेले. आमच्या तक्रारींवर फक्त ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढाच मेसेज.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच मिनिटाला 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, ठाण्यात नंतर जा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले तरच काही आशा. आम्हाला कळलं फाटकापाशी, तोवर बरेच दिवस उलटले होते. केरळ पर्यटन खातं होमस्टेंना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर असे दर्जे देतं, नाव आणि नंबर त्यांच्या यादीशी ताडून बघा. ‘परत मिळण्यासाठी आधी भरा’ ऐकलं की फोन ठेवा. पोचल्यावर पैसे घ्यायला जो तयार नाही, त्याची खोली नको.

परवा पाहिलं, तर नकाशावर पुन्हा तोच नंबर. मी चुकीचा आहे म्हणून कळवलं, तर उत्तर आलं, ‘तुम्ही सुचवलेला बदल स्वीकारता आला नाही.’